माया ठेवून कापावे

(द्वितीय वर्ष, कला)

'मध्ये अकरा सेकंद रिकामी जागा. संकलन सैल. विषय चांगला.'

पहिल्या सत्रात आपल्या महाविद्यालयात लघुचित्रफितींची स्पर्धा झाली. 'माझ्या परिसरातील कष्टकरी' हा विषय आणि बरोबर दोन मिनिटांची मर्यादा. मी माझ्या वडिलांवर चित्रफीत केली. तिच्यावर परीक्षकांनी लिहिलेला हा शेरा आहे. बक्षीस मिळाले नाही याचे मला फारसे दुःख नाही. ज्याला मिळाले त्याची वीटभट्टीवरची चित्रफीत माझ्यापेक्षा सरस होती, हे मी तेव्हाच कबूल केले होते. परंतु 'रिकामी जागा' हे दोन शब्द काही मनातून जाईनात. परीक्षकांशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही आणि ते आता भेटणारही नाहीत. म्हणून वार्षिकाच्या पानांवर माझी बाजू मांडण्याचे धाडस करीत आहे.

वाद अकरा सेकंदांचा आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी इतकी पाने कशाला, असे कोणी म्हणेल. पण दोन मिनिटांच्या हिशेबात अकरा सेकंद म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा होतो. शेतीत एवढ्या हिश्श्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात!

माझे वडील शिवणकाम करतात. तालुक्याच्या पेठेत एका कापड दुकानाच्या ओट्यावर त्यांचे पायमशीन आहे. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. आई घरी काजे-बटणे आणि हातशिलाई करते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात मुले नेमके काय करतात हा घरच्यांना कायमचाच प्रश्न. यंदा मी कौशल्य अभ्यासक्रम म्हणून चित्रफीत संकलन घेतले, तेव्हा दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) विचारले, "त्यात काय करायचं असतं?" मी म्हटले, "कापायचं आणि जोडायचं." "मग त्याला फी कशाला भरली? मीच शिकवलं असतं," असे म्हणून ते हसले. मीही हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

आता त्या कापाकापीविषयी थोडे सांगावे लागेल, कारण वाचकांपैकी अनेकांनी हा अभ्यासक्रम घेतलेला नाही, आणि ज्यांनी घेतला त्यांतले निम्मे तासाला नसत.

आपल्या संगणक प्रयोगशाळेत 'ओपनशॉट' नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते उघडले की पडद्याच्या खालच्या भागात एक आडवी पट्टी दिसते. तिला टाइमलाइन म्हणतात. तिच्यावर सेकंदांच्या खुणा असतात. ती प्रथम पाहिली तेव्हा मला दादांच्या गळ्यात लोंबणारी टेपच आठवली. मोबाइलवर घेतलेले चित्रण या पट्टीवर आणून टाकले की त्याचा एक चौकोनी तुकडा दिसतो. जितके चित्रण लांब तितका तुकडा लांब. या तुकड्याच्या टोकावर माउसचा बाण नेला की बाणाचे रूप बदलते, आणि ते टोक धरून आत ढकलले की तुकडा आखूड होतो. डावे टोक ढकलले तर सुरुवात जाते, उजवे ढकलले तर शेवट जातो. मधूनच कापायचे असेल तर कात्रीचे चिन्ह असते. एवढेच शिक्षण. सरांनी ते वीस मिनिटांत शिकवले, आणि पुढचे दोन तास आम्ही सर्वजण जे दिसेल ते आखूड करीत बसलो होतो!

पण यात एक गोष्ट अशी आहे की ती मला दोन आठवडे कळलीच नव्हती. मी समजत होते की टोक आत ढकलले म्हणजे तेवढे चित्रण कापून टाकले गेले, संपले. तसे ते नसते. मूळ फाइल जिथल्या तिथे अखंड असते. सॉफ्टवेअर फक्त एवढेच लिहून ठेवते की अमुक फाइल, अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंत दाखवावी. म्हणून तर काम साठवलेली प्रकल्पाची फाइल अगदी हलकी असते. तिच्यात चित्र नसतेच, नुसता हिशेब असतो. उद्या तेच टोक धरून बाहेर ओढले की लपलेले चित्रण परत येते. हे जेव्हा मला समजले तेव्हा मी प्रयोगशाळेत मोठ्याने 'अगं बाई, मुडप!' असे म्हणाले आणि शेजारची मैत्रीण दचकली.

शाळेचे गणवेश शिवणारा कोणताही शिंपी हे जाणतो. जूनमध्ये मुलाची पॅन्ट शिवताना खाली चार बोटे कापड आत दुमडून ठेवायचे. ती मुडप. पोरगे वर्षात वाढते. पुढच्या जूनला आई ती पॅन्ट घेऊन येते, टीप उसवायची, मुडप खाली सोडायची, पुन्हा शिवायची. कापड आतच होते. तसेच शिवणीच्या पलीकडे बोटभर कापड जादा ठेवतात. त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. माया न ठेवता शिवणीलगत कापड कापले, तर पहिल्या ताणाला शिवण उसवते आणि मग दुरुस्तीला जागाच उरत नाही. नवखा कारागीर ओळखावा तो यावरून, असे दादा म्हणतात: तो माया ठेवायला घाबरतो, कारण जादा कापड त्याला चूक वाटते.

संकलनातले नवखे आम्ही अगदी असेच होतो. बोलणाऱ्याचे शेवटचे अक्षर संपले की लगेच कापायचे. त्याचा परिणाम काय झाला तो सांगते. ओपनशॉटमध्ये एका तुकड्याचे टोक दुसऱ्यावर चढवले की पहिले चित्र विरत जाऊन दुसरे उमटते. ते फार छान दिसते म्हणून सगळ्यांनी सगळीकडे वापरले. पण विरणाऱ्या चित्राला विरायला काही क्षण लागतात, आणि ते क्षण तुकड्याच्या मायेतूनच यायला हवेत. मी माया ठेवलीच नव्हती. त्यामुळे दादांच्या वाक्यातला शेवटचा शब्द विरण्यातच गेला. 'दिवाळीत झोप नसते' या वाक्यातले 'नसते' गेले, आणि माझे वडील जगाला सांगू लागले की दिवाळीत झोप!

असो. मुद्दा अकरा सेकंदांचा.

मी दादांचे चित्रण तीन दिवस घेतले. सगळे मिळून सत्तेचाळीस मिनिटे. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "दादा, तुम्ही शाळा का सोडली?" प्रश्न मला साधा वाटला होता. दादांनी माझ्याकडे पाहिले नाही. मशीनच्या सुईतला दोरा निघाला होता. त्यांनी दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले, चष्मा वर सरकवला, एकदा नेम चुकला, दुसऱ्यांदा दोरा ओवला, आणि मग चाकावर हात ठेवून म्हणाले, "घरात मशीन एकच होतं. बापाचे डोळे गेले. मग बसलो." आणि मशीन सुरू केले.

प्रश्न संपल्यापासून 'घरात' या शब्दापर्यंत अकरा सेकंद गेले.

आता इंटरनेटवर संकलनाचे जे धडे मिळतात त्यांत पहिलाच उपदेश असा असतो की बोलण्यातल्या रिकाम्या जागा काढून टाका. श्वास काढा, अडखळणे काढा, 'अं' काढा, नाही तर बघणारा पुढे निघून जाईल. असे कापले की माणसाची मान एकदम इकडची तिकडे उडी मारते. त्याला जंप कट म्हणतात. १९६० साली गोदार या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'ब्रेथलेस' या चित्रपटातल्या अशा उड्यांची फार चर्चा झाली होती, कारण तेव्हा प्रेक्षकाला त्या खटकत. आज त्या कोणाला दिसतही नाहीत. मी तो उपदेश शिरोधार्य मानला आणि अकरा सेकंदांचा एक सेकंद केला. प्रश्न, आणि लगेच उत्तर. चित्रफीत झकास पळू लागली.

ती मी घरी मोबाइलवर दाखवली. दादांनी ती दोनदा पाहिली. मग म्हणाले, "मी एवढा पटकन बोललो?" थोड्या वेळाने म्हणाले, "दोरा ओवला होता ना मधे. तो कुठं गेला?"

आई म्हणाली, "हे असं बोलतच नाहीत कधी. पाठ करून सांगितल्यासारखं वाटतंय."

मला त्या क्षणी जे वाटले ते लिहिणे अवघड आहे. शब्द सगळे दादांचेच होते. मी एकही अक्षर बदलले नव्हते. तरीही मी त्यांच्या तोंडी खोटे घातले होते. ज्या माणसाला ते उत्तर देण्यापूर्वी दोऱ्याचा आधार घ्यावा लागला, त्याला मी चटपटीत उत्तर देणारा करून टाकले होते. चाळीस वर्षांपूर्वीचे दुःख त्याने जणू खिशातच तयार ठेवले होते! मग त्या अकरा सेकंदांत रिकामे काय होते? माझ्या मते चित्रफितीतले उत्तर तेच होते. नंतरची तीन वाक्ये म्हणजे त्याची नुसती नोंद.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत जाऊन टोक बाहेर ओढले. मूळ चित्रण होते, म्हणून ओढता आले. पण दहा सेकंद परत आणणे म्हणजे केवढा खटाटोप! तुकडा लांब होतो तो पुढच्या तुकड्यावर चढतो. म्हणून पुढचे सगळे तुकडे निवडून उजवीकडे सरकवावे लागतात. मी वरच्या पट्टीवरचे तुकडे सरकवले आणि खालच्या पट्टीवरचा मशीनचा आवाज सरकवायला विसरले. त्यामुळे दादा सुईत दोरा ओवत आहेत आणि मशीन मात्र धडधडत आहे, असा चमत्कार झाला. हे टाळायला म्हणून मी आधी एक आळशी उपाय करून पाहिला होता, तोही कबूल करते: उरलेल्या एका सेकंदाचाच वेग कमी करून तो लांबवला. दादांचा हात पाण्याखाली हलावा तसा हलू लागला. लांबी वाढवणे निराळे आणि वेग घटवणे निराळे, हे तेव्हा कळले. वेगाशी खेळणे मुळातच वाईट असे मी म्हणत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. त्यात वाटाण्याचे रोप रोज थोडे थोडे टिपून महिन्याभराची वाढ काही क्षणांत दाखवली होती. तिथे बघणाऱ्याला ठाऊक असते की रोप असे भराभर वाढत नाही. माझ्या चित्रफितीत बघणाऱ्याला दादा ठाऊक नव्हते. फरक एवढाच आहे.

आता खरी अडचण आली. मर्यादा दोन मिनिटांची. दहा सेकंद आणायचे कोठून? मी प्रथमच माझ्या एकशे वीस सेकंदांचा हिशेब कागदावर मांडला. तो असा निघाला: सुरुवातीची नावाची पाटी दहा सेकंद, शेवटची आभाराची पाटी दहा सेकंद, मी स्वतः उभी राहून विषयाची ओळख करून देते ते चौदा सेकंद, दादा ब्याऐंशी सेकंद आणि आई चार सेकंद.

दोन्ही पाट्या बरोबर दहा-दहा सेकंदांच्या कशा झाल्या, याचे मला नवल वाटले. मी तसे ठरवले नव्हते. मग सरांकडून कळले की ओपनशॉटमध्ये कोणतेही स्थिर चित्र टाकले की ते आपोआप दहा सेकंदांचेच पडते. ही त्या सॉफ्टवेअरची मूळची सोय आहे, आपण ती बदलावी. मी बदलली नव्हती. म्हणजे एकशे वीसपैकी वीस सेकंद कोणीच ठरवले नव्हते! माझे नाव आणि माझ्या वर्गाचे नाव वाचायला दहा सेकंद, आणि वडिलांना दोरा ओवायला एक. नवख्या माणसाची कात्री कुठे चालते आणि कुठे अडते ते पाहावे. ती बोलणाऱ्यावर चालते. स्वतःच्या नावाशी येऊन थांबते. मी दोन्ही पाट्या चार-चार सेकंदांच्या केल्या. बारा सेकंद वाचले. दहा दोऱ्याला दिले. उरलेले दोन कापड बेततानाच्या दृश्याला दिले, कारण तिथे मी कात्री कापडाच्या मध्यावर असतानाच चित्र तोडले होते. दादांच्या भाषेत तो अपशकुनच. कात्री काठापर्यंत गेली की बघणाऱ्याचाही श्वास सुटतो.

माझी चौदा सेकंदे मात्र मी सोडली नाहीत. त्याविषयी पुढे लिहिते.

माझे हे म्हणणे वर्गात मांडल्यावर एका मित्राने विचारले, "म्हणजे लांबच लांब दाखवायचं का? लोक झोपतील." त्याचा आक्षेप खरा आहे. माझा पहिला कच्चा जोड चौदा मिनिटांचा झाला होता आणि तो पाहताना मीच जांभई दिली. मशीनचे चाक चाळीस सेकंद नुसते फिरत होते. ते काही वडिलांविषयीच्या आदरामुळे ठेवलेले नव्हते. ते कापायचा मला कंटाळा आला होता, इतकेच. लांब म्हणजे खरे आणि आखूड म्हणजे खोटे, असे गणित मी मांडत नाही. चाकाचे चाळीस सेकंद सहा केले तर काहीच हरवत नाही, कारण चाक सहाव्या सेकंदाला जे सांगते तेच चाळिसाव्याला सांगते. दोरा ओवण्याचे तसे नाही. तिथे पहिला नेम चुकतो. तो चुकलेला नेम काढला तर उरते काय?

मराठी विभागातर्फे आम्हाला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट दाखवला होता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. त्यात कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि लांबून बराच वेळ पाहत राहतो. शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर काही वेळ अंधारच राहतो. आमच्यातले काहीजण चपला शोधू लागले होते! चित्रपट संपला नव्हता. परंतु खटल्यातल्या माणसांचे पुढे काय होणार, हा विचार मला त्या अंधारातच आला. शेरा द्यायचाच तर तिथेही 'रिकामी जागा' असा देता येईल.

यंत्राने लांबी ठरवावी ही गोष्ट काही आजची नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले. ते प्रत्येकी जेमतेम मिनिटभराचे होते, कारण त्यांच्या यंत्रात फीतच तेवढी मावत असे. पुढे ३५ मिलिमीटरच्या फितीवर सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फीत लागे. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. फीत महाग, म्हणून जपून वापरायची. हे सगळे समजण्यासारखे आहे. पण आज माझ्या साध्या मोबाइलमध्येसुद्धा सत्तेचाळीस मिनिटे मावली. आज यंत्र अडवत नाही. आज जो अडवतो तो कोणीतरी केलेला नियम असतो. जुलै २०२० मध्ये भारतात इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले तेव्हा ते पंधरा सेकंदांचे होते. पुढे तीस, साठ, नव्वद करीत २०२५ च्या जानेवारीत तीन मिनिटांपर्यंत गेले. ज्यांनी पंधरा ठरवले त्यांनीच तीन मिनिटे केली. म्हणजे पंधरामध्ये ईश्वरी काही नव्हते! तरी आमच्या पिढीच्या हाताला पंधरा सेकंदांची सवय लागून गेली ती गेलीच. मी प्रत्येक तुकडा न मोजता तीन सेकंदांच्या आसपास कापते, हे मी स्वतःला पकडले आहे. कोणी सांगितले मला तीन?

मराठीत या कामाला 'संकलन' म्हणतात, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. संकलन म्हणजे गोळा करणे, एकत्र आणणे. शब्दात कुठेही कात्री नाही. पण आम्हाला पहिल्या दिवशी हातात दिली जाते ती कात्रीच.

एक व्यावहारिक गोष्टही इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोग होईल. वर म्हटले की टोक बाहेर ओढले की सगळे परत येते. पण हे मूळ फाइल जागेवर असेल तरच! माझ्या एका मैत्रिणीने आजीचे चित्रण केले, दोन मिनिटांची चित्रफीत तयार करून बाहेर काढली आणि मोबाइलमध्ये जागा होत नाही म्हणून मूळ चित्रण पुसून टाकले. तयार होऊन बाहेर आलेली चित्रफीत म्हणजे माया छाटून टाकलेला कपडा; तिची टोके ओढून काही निघत नाही. मोबाइलच्या गॅलरीत काटछाट करून तीच फाइल वरचेवर साठवणारेही अनेकजण आहेत. त्यांचेही तेच होते. कधीकधी तिथे 'प्रत साठवा' असा पर्याय असतो, तो निवडावा. तिची आजी दिवाळीनंतर वारली. आज तिच्याकडे आजीची एक मिनिट चाळीस सेकंद आहेत, आणि त्यांत पार्श्वसंगीत इतके मोठे आहे की आवाज नीट ऐकू येत नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. तिने परवानगी दिली म्हणून एवढे लिहिले.

स्पर्धेच्या आयोजकांना माझी नम्र विनंती आहे की पुढच्या वर्षी 'बरोबर दोन मिनिटे' असा नियम न ठेवता 'दोन ते चार मिनिटे' असा ठेवावा, आणि परीक्षकांना चित्रफितीबरोबर मूळ चित्रणातला एखादा तुकडाही पाहायला द्यावा. विद्यार्थ्याने काय ठेवले यावरून गुण मिळतातच; काय काढले तेही कोणीतरी पाहिले पाहिजे. परीक्षेत आपण खोडलेल्या ओळीसुद्धा परीक्षकाला दिसतात ना!

आता त्या चौदा सेकंदांविषयी, कारण परीक्षकांवर एवढे लिहून स्वतःला सोडून देणे बरे नव्हे.

चित्रफीत कॉलेजात दाखवली त्या दिवशी आई-दादा दोघेही आले होते. दादांनी त्या दिवशी दुपारपासून मशीन बंद ठेवले होते. दोऱ्याच्या जागी सभागृहात कोणीतरी खोकले, एकाने 'अटकला वाटतं' असे म्हटलेलेही मी ऐकले. दादा मात्र पडद्याकडे पाहत होते आणि त्यांचा हात मांडीवर दोरा धरल्यासारखा हलला, तो मला दिसला. परतताना एस.टी.मध्ये ते खुशीत होते. आई खिडकीपाशी बसली होती. गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझं एवढंच होय गं?"

चार सेकंद. काज करणारी बोटे, बस्स, तोंडसुद्धा नाही. दादांच्या प्रत्येक शर्टाला सहा-सात काजे लागतात आणि ती सगळी तिच्या हातची असतात. मी माझ्या चौदांतले दहा सेकंद तिला देऊ शकले असते. माझ्या लक्षातही आले नाही. आणि मी ती बाई जी परीक्षकांना रिकामी जागा म्हणजे काय ते शिकवायला निघाली आहे! मी तिला म्हटले, "वेळ नव्हता गं आई." ती म्हणाली, "बरं."

आईचे मूळ चित्रण सहा मिनिटांचे आहे. ते मी पुसलेले नाही; पेन ड्राइव्हवर आहे, आणि पेन ड्राइव्ह बटणांच्या डब्यात. त्यात ती काज करताना शेजारणीशी बोलते, दोनदा माझ्यावर ओजरती रागावते की कशाला हे घेतेस, आणि मधे बराच वेळ काहीच बोलत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला ते करायला बसायचे आहे. सुट्टीत प्रयोगशाळा उघडी राहणार आहे का, तेवढे सरांना विचारायचे आहे.